डिपॉझिटआते

माझं शुद्धलेखन चुकतं, आणि अक्षर तर कोंबडीने अंगण उकरावं तसं आहे. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीचा वर्ग नदीपलीकडे होता. एका पावसात साकव वाहून गेला आणि तो परत बांधून होईपर्यंत मी घरकामाला लागले होते. चारचौघांत मला बोलता येत नाही, लिहायचं तर लांबच. पण आतेंबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या वाडीत ज्यांना चांगलं लिहिता येतं ते सगळे मुंबईला आहेत.

आते म्हणजे ह्यांची आत्या, माझ्या आतेसासू. नाव सरस्वती, पण देवरूखपासून आमच्या वाडीपर्यंत सगळे त्यांना डिपॉझिटआते म्हणतात. आमच्या घराला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. एक गाय, थोडे काजू, परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं. माणूस त्या एकट्याच. त्यांची ओळख एका वाक्यात करून द्यायची तर अशी, की निवडणूक लागली की आते शेजाऱ्याला विरजणसुद्धा देत नाहीत.

मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हाची गोष्ट. सासूबाईंनी वाटी देऊन विरजण आणायला पाठवलं. आते दारातच उभ्या होत्या. माझ्या हातातली वाटी बघून म्हणाल्या, "आता नाय. आचारसंहिता लागलीय."

मी वाटी घेऊन परत आले आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "आतेंच्या घरात कोण गेलं?"

"कोण जातंय? इलेक्शन आलं," सासूबाई म्हणाल्या. "आता निकाल लागेपर्यंत तिच्याकडनं मिठाचा खडा मिळायचा नाय."

पुढे मला त्यातली गोम कळली. आते प्रचार करतात. प्रचार करणाऱ्याने मतदाराला काही दिलं की ती लाच. "तू माझं विरजण घेतलंस आणि माझ्या माणसाला मत दिलंस, तर ते विरजणाचं मत झालं," आते म्हणतात. "मला विरजणाचं मत नको."

घेण्याचंही तसंच. प्रचाराला गेल्यावर त्या कोणाच्या घरचा चहा पीत नाहीत. "चहा प्याला की माणूस मिंधा." आता आमच्याकडे दारी आलेल्याने चहा नाकारला तर घरच्या बाईला तो अपमान वाटतो. त्यावर आतेंनी तोड काढली. पिशवीत कोकम सरबताची बाटली घेऊन फिरायचं. घरच्यांनी त्यांचा चहा प्यायचा, आतेंनी आपलं सरबत. पण त्या सरबतातला घोट कोणाला द्यायचाही नाही, कारण ती लाच. मग घरातली पोरं त्या लाल बाटलीकडे बघत बसायची आणि आते त्यांच्याकडे पाठ करून घटाघटा प्यायच्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर विरजणाची वाटी असायचीच. पोरांना सरबतसुद्धा मिळायचं, ढेकर येईपर्यंत.

आतेंना पक्ष नाही. त्या झेंडा बघत नाहीत, जात विचारत नाहीत, गाड्या किती आल्या तेही मोजत नाहीत. मत मागायला जो येईल त्याला पडवीत बसवतात आणि एकच प्रश्न विचारतात.

"तुझ्या घरात पाणी कोण भरतं?"

एकदा विधानसभेचा एक उमेदवार आला होता. पांढरे कपडे, मागे माणसांचा घोळका. तो हसून म्हणाला, "आते, आमच्याकडे बोअरवेल आहे."

"बरं. बटण कोण दाबतं?"

तो मागच्या माणसाकडे बघायला लागला. आते माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला बटण कुठं हाय तेबी ठाऊक नाय."

मग हा प्रश्न तालुकाभर झाला. पुढच्या वेळी एक जण तयारी करून आला. प्रश्न विचारायच्या आधीच म्हणाला, "आते, पाणी मी भरतो. रोज!" आते म्हणाल्या, "ब्येस." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने त्या त्याच्या गावी गेल्या, घराच्या मागच्या दारी उभ्या राहिल्या आणि त्याच्या म्हातारीकडे प्यायला पाणी मागितलं. म्हातारी म्हणाली, "वाईच थांब बाय, सून विहिरीवर गेलीय, हंडा घेऊन येईल आता." त्याच एसटीने आते माघारी आल्या. तिकिटाचे पैसे गेल्याचं त्यांना अजूनही वाईट वाटतं.

ह्या परीक्षेत जे पास व्हायचे, ते निवडणुकीत मात्र हटकून पडायचे. का ते मला सांगता येत नाही. एक गुरुजी होते. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि हा माणूस सकाळी उठून पाणी भरायचा, तिचं सगळं करायचा, मग शाळेत जायचा. रिटायर झाल्यावर विधानसभेला उभे राहिले. मुलींना तालुक्याला राहायला वसतिगृह हवं, अंगात येणाऱ्यांच्या नादाने पोरांना साप चावला तरी दवाखान्यात नेत नाहीत ते थांबवायला हवं, असं ते बोलायचे. गुरुजींना सगळे ओळखायचे, रस्त्यात नमस्कार करायचे आणि मत दुसऱ्याला द्यायचे. त्यांचं डिपॉझिट आतेंनी भरलं होतं. ठरावीक हिश्श्याएवढी मतं पडली नाहीत की ती रक्कम सरकारजमा होते. विधानसभेचं डिपॉझिट मोठं असतं. आतेंच्या काजूचा अख्खा हंगाम त्यात गेला.

मग एक तरुण मुलगा जिल्हा परिषदेला उभा राहिला. सगळ्या वाड्यांना मिळून एकच पाण्याची टाकी आणि एकच लाइन, हे त्याचं म्हणणं. त्याचंही डिपॉझिट गेलं. मग ग्रामपंचायतीला एक विधवा बाई, जिने कुंकू पुसायला नकार दिला होता. तिचंही गेलं. तेव्हापासून हे नाव पडलं. समोरच्या पार्टीची माणसं तिठ्यावर आतेंना गाठून म्हणायची, "आते, आमच्यातला एक जण बंडखोर उभा राहिलाय. जरा त्याच्या डोक्यावर हात ठेवा ना! रिक्षाचं भाडं आम्ही देतो."

आते चिडायच्या नाहीत. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पडला तर पडला, मेल्या. मोजला तर गेला ना?"

एकदा मी विचारलं, "आते, मोजून काय होतं?"

"मोजायला कोणीतरी असायला पायजे गो. नायतर उद्या म्हणतील, असा इचार करणारं ह्या गावात कोण नव्हतंच."

पण त्यांच्या मनातली खरी गोष्ट त्यांनी मला एकटीलाच सांगितली होती. आम्ही दोघी परड्यात रातांबे फोडत बसलो होतो. हात लाल झालेले. आते मान वर न करता म्हणाल्या, "जिंकायचं ऱ्हाऊ दे, सुले. एकदा, माझा जीव हाय तोवर, भरलेलं डिपॉझिट परत आलेलं बघायचंय."  त्या दिवसापासून निकाल लागला की कोण जिंकलं ते सोडून मीही आधी डिपॉझिटचंच विचारायला लागले.

पंचायत समितीच्या निवडणुका किती वर्षं रखडल्या होत्या. वाट बघता बघता आतेंचे गुडघे गेले. जिना चढायचा नाही, उन्हातान्हात फिरायचं नाही, असं देवरूखच्या डॉक्टरांनी सांगितलं. एकदाच्या निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा आते म्हणाल्या, "हे शेवटचं. ह्याच्यापुढं पाय नाय साथ द्यायचे."

जागा बायकांसाठी राखीव निघाली. नानाशेट म्हणजे आमच्याकडचे कंत्राटदार. रस्ते, मोऱ्या, गटारं, जे काय होतं ते तेच करतात आणि दुसऱ्या पावसात पुन्हा तेच करतात. त्यांना स्वतःला उभं राहता येईना, म्हणून बायकोला उभी केली. तिठ्यावर बॅनर लागला. त्यावर नानाशेट दरवाजाएवढे आणि बायको खिडकीएवढी. आते बॅनरखाली उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "ह्यातला उभा कोण हाय?"

नानाशेट बायकोला घेऊन आमच्या पडवीतही आले. आतेंनी त्या बाईंना विचारलं, "पाणी कोण भरतं गो?" बाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"तिला कशाला, मला विचारा ना, आते," नानाशेट म्हणाले.

"बरं, तुला. सभेत हात वर करायची पाळी आली तर कोणाचा हात वर होणार?"

"माझाच! म्हणजे तिचाच, पण माझा..."

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या. ते गेल्यावर आते मला म्हणाल्या, "तिला मी पास केली असती गो. पण तिला बोलूच दिलान नाय."

आतेंचा उमेदवार निघाला शिलाईच्या दुकानातून. रेश्मा बौद्धवाडीतली. तिठ्यावर तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिने एकच काम धरून ठेवलं होतं. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं. बायकांचे कागद गोळा करून ती ग्रामपंचायतीत जाऊन बसायची, आणि काम झाल्याशिवाय उठायची नाही. माझंही नाव तिच्यामुळेच लागलं. ह्यांनी सही केली, पण मग दोन दिवस बोलले नाहीत.

आते तिच्या दुकानात गेल्या तेव्हा मी बरोबर होते. मला वाटलं, बाईमाणसाला तो प्रश्न विचारून काय उपयोग? उत्तर सगळ्यांना ठाऊक. पण आतेंनी विचारलाच.

रेश्मा मशीनवरची मान वर न करता म्हणाली, "आज महेंद्रचा वार."

"म्हणजे?"

"एक दिवस मी, एक दिवस तो."

आते तशाच वळल्या आणि बौद्धवाडीतल्या नळावर गेल्या. बायकांच्या रांगेत रेश्माचा नवरा महेंद्र दोन कळशा घेऊन उभा. बायका त्याची चेष्टा करत होत्या, तो त्यांची करत होता.

"वार कोणाचा?" आतेंनी विचारलं.

"माझा, आते. कालचापण माझाच. तिला लग्नातले ब्लाउज द्यायचेत. सगळे वार उधारीवर चाललेत."

आते परत दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भर फॉर्म. डिपॉझिट माझं."

रेश्माने हात जोडले. "आते, तुमचा हात लागला म्हणजे मी पडणार!"

"पडशील. पण ह्या वेळी डिपॉझिट हातात घेऊन पडायचं."

चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आते गुडघ्यांना तेल चोळून, पट्टा बांधून वाड्यावाड्यांत फिरल्या. भोंगा नव्हता, त्याची गरजही नव्हती. वर कातळाच्या सड्यावर उभं राहून आतेंनी हाक मारली की खाली पऱ्ह्यावर कपडे धुणाऱ्या बायका वर बघतात. पण गणित सगळ्यांना कळत होतं. गणातली, म्हणजे ह्या मतदारसंघातली, सगळ्यात मोठी वाडी आमची. आमच्या वाडीतून मतं आली तर डिपॉझिट वाचणार, नाहीतर नाही.

आणि आमच्या वाडीत मत घरात ठरत नाही. ते सहाणेवर ठरतं. सहाण म्हणजे देवळासमोरचा पार, शिमग्यात पालखी बसते तो. निवडणूक आली की घरटी एक बाप्या, म्हणजे पुरुषमाणूस, तिथे जमतो. मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनवरून बोलतात, फोन नारळाशेजारी ठेवलेला असतो. मग ठरतं ते अख्ख्या वाडीचं. ह्या वेळी ठरलं, की नानाशेट वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, बांधून देणार, देवळापुढे पत्र्याची शेड घालणार, म्हणून मतं त्यांच्या बायकोला. देवीसमोर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि एकेकाने नारळावर हात ठेवला. "वाडीचं मत एकच." ह्यांनीही ठेवला.

कोणीतरी रेश्माचं नाव काढलं होतं म्हणे. त्यावर एक जण म्हणाला, "त्या वाडीतली बाय आपल्याला कशाला?" आतेंना हे कळलं तेव्हा त्या त्याच्या दारात जाऊन म्हणाल्या, "त्या वाडीतल्या बायनं शिवलेला ब्लाउज तुझ्या बायकोला उलटा बसतो काय रे?" तो आत गेला तो बाहेर आला नाही.

पण नारळापुढे आतेंचंही काही चालेना. देवीची शपथ मोडा असं त्या कोणाला सांगणार नाहीत, आणि सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओटीवर गप्प बसून होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्याच चुलीवर चहा करून दिला, तोही तसाच थंड झाला.

मग एकदम म्हणाल्या, "सुले, नारळावर हात कोणी ठेवले?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

"सगळ्या बाप्यांनी."

"तू ठेवलास?"

"आम्हाला कोण बोलावतं, आते?"

आते गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. "मग झालं तर!"

त्या दुपारी बायका खळ्यात कुळीथ झोडत होत्या. आते प्रत्येकीजवळ जाऊन बसल्या. रेश्माचं नाव घेतलं नाही, चिन्ह सांगितलं नाही. फक्त विचारायच्या, "नारळावर तू हात ठेवलास काय गो?"

"मी नाय. पण ह्यांनी ठेवला म्हणजे माझाच झाला ना, आते?" एक जण म्हणाली.

"तो जेवला की तुझं पोट भरतं काय?"

बायका हसल्या, पण भीती जाईना. देवीचं काम. शेवटी तानूकाकी उठल्या. वाडीत त्यांच्याइतकी देवभोळी बाई नाही, मांजर आडवं गेलं तर त्या बाजार रद्द करतात. त्या सरळ गुरवाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ह्या नारळावर मीपण हात ठेवते. माझीपण शपथ होऊ दे." गुरव दचकला. म्हणाला, "काकी, काय बोलता! गावकीच्या नारळाला बायकांनी हात लावायची चाल नाय."

"मग शपथ कोणाकोणाला लागू?"

"ज्यांनी हात लावला त्यांना."

"आणि ज्यांना लावू देत नाय त्यांना?"

गुरव टोपी सारखी करत म्हणाला, "त्यांना कशी लागू होईल?"

तानूकाकी खळ्यात परत आल्या, कुळथाची पेंढी उचलली आणि म्हणाल्या, "आपण मोकळ्या."  झोडायचा आवाज एकदम वाढला.

मतदान आमच्या घरासमोरच्या शाळेत होतं. सकाळी आते आमच्या घरात घुसल्या आणि माझ्या शिलाई मशीनवर सोलापुरी चादर टाकली. मग शेजारच्या घरातली मशीन झाकली, त्याच्या पुढच्यातली झाकली. शाळेपाशी उभ्या असलेल्या पोलिसाला संशय आला. "आजी, घराघरांत काय झाकताय?"

"शिलाई मशीन."

"का?"

"चिन्ह हाय आमचं. शंभर मीटरच्या आत दिसायला नको."

पोलीस डोकं खाजवत म्हणाला, "आजी, सगळे तुमच्यासारखे झाले तर आमच्या नोकऱ्या जातील."

बायका ओळीने आल्या, ओळीने मतं देऊन गेल्या. आते कोणाकडे बघतसुद्धा नव्हत्या. मी बाहेर आले तर हे फाटकाशी उभे होते.

"दिलंस?"

"दिलं."

"कोणाला?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं झालं नव्हतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, "मत गुप्त असतं." आमची गाय बोलली असती तरी ह्यांना एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

मोजणी देवरूखला होती. महेंद्र दुधाचा टेंपो चालवतो, त्यातूनच आम्ही बायका गेलो. आते रेश्माच्या प्रतिनिधी म्हणून गळ्यात पास अडकवून आत गेल्या. आम्ही बाहेर. नानाशेटची माणसं गुलालाची पोती आणि ढोलताशे घेऊनच आली होती. आमच्या वाडीतले बाप्येही त्यांच्यात होते.

भोंग्यावरून एकेका मशीनची मतं सांगत होते. आमच्या वाडीची सांगितली. निम्मी नानाशेटच्या बायकोला. जवळजवळ निम्मी रेश्माला.

"कोण फुटला?" गावकार, म्हणजे वाडीचे प्रमुख, म्हणाले.

"मी नाय! देवीच्यान!"

"मीपण नाय! नारळाला स्मरून सांगतो!"

सगळे एकमेकांना शपथा घालत होते. सगळे खरं बोलत होते आणि कोणाचा कोणावर विश्वास बसत नव्हता. आम्ही चार-पाच बायका त्यांच्या पाठीशीच उभ्या होतो. आमच्याकडे एकानेही वळून बघितलं नाही. तानूकाकी तेवढ्या आभाळाकडे बघून हात जोडत होत्या.

शेवटी नानाशेटची बायको निवडून आली. ढोल सुरू झाले. इतक्यात आतून आते आल्या, गुडघ्यांचं दुखणं विसरून, सड्यावरून मारतात तशी हाक मारत. "वाचलं गो! वाचलं!"

दारावरचा पोलीस धावला. "कोण वाचलं?"

"डिपॉझिट!"

रेश्माने आतेंना उचललंच. आम्ही सगळ्या हसत होतो, रडत होतो. पेढ्यांचा पुडा पिशवीतच होता, पण आतेंनी आधी एका साहेबांना गाठून विचारलं, "आचारसंहिता उठली काय?" ते हो म्हणाले तेव्हा कुठे पुडा सोडला. गुलालाने माखलेला एक पोरगा नाचायचं थांबून म्हणाला, "तुम्ही पडलात ना? मग पेढे कसले?" आतेंनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "खा. तुला नाय कळायचं."

नानाशेट मिरवणुकीच्या गाडीवर चढले होते. त्यांची बायको हार घालून खाली उभी होती. ती गर्दीतून आमच्याकडे आली, आतेंच्या पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "आते, पाणी मीच भरते."

"ठाऊक हाय गो," आते म्हणाल्या. "आता खुर्ची तुझ्या नावाची हाय. तिच्यावर तूच बस. त्याला बसू देऊ नको."

घरी परतताना हेही आमच्याच टेंपोत बसले. रिकाम्या कॅनचा खडखडाट चालला होता आणि आते मध्येच हसत होत्या. मी चौथी शिकलेली, घाबरट बाई. पण त्या दिवशी ह्या बाईच्या घरात मी सून म्हणून आले, ह्याचा मला एवढा अभिमान वाटला की आमच्या वाडीच्या फाट्यावर उतरताना मी ह्यांच्या आधी उतरले.

रक्कम लगेच मिळाली नाही. अर्ज, सही, मग दुसरी सही. शिमगा होऊन गेला. पालखी घरोघर नाचली, आमच्याकडेही नाचली. बाप्ये अजून फुटलेला शोधत होते. आते रोज रेश्माच्या दुकानात डोकावायच्या. "आलं?" "नाही, आते." एवढंच.

मग एका संध्याकाळी रेश्मा आली. पैसे तिच्या खात्यात जमा झाले होते, ते काढून थेट घेऊन आली होती. "आते, घ्या. पुरे आहेत."

आतेंनी पदराला हात पुसले. घेतले नाहीत. पुन्हा पुसले. मग दोन्ही हात पुढे केले, प्रसादाला करतात तसे, आणि पैसे घेऊन आत गेल्या त्या बाहेरच येईनात. रेश्मा बिचारी थांबून थांबून गेली. मी आत गेले.

आतेंचं लग्न झालं होतं, अलोऱ्याला. नवरा तिथल्या धरणाच्या कॉलनीत कामाला. हे मला सासूबाईंकडून ठाऊक होतं. दोन वर्षांनी त्याने आतेंना आमच्या फाट्यावर एसटीतून उतरवलं, "चार दिवस राहून ये" म्हणाला आणि परत न्यायला आला नाही. दुसरी आणली होती. आतेंच्या वडलांनी किती निरोप पाठवले, की पोरीला नेत नाही तर तिची भांडी दे, तिच्या अंगावर घातलेलं सोनं दे, निदान तिच्या आवशीची, आईची, पैठणी तरी दे. काही आलं नाही. आते ह्यावर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीही कधी विचारलं नव्हतं.

आत त्या जमिनीवर बसल्या होत्या. पत्र्याची ट्रंक उघडी होती, तांदळाचा डबा उघडा होता, देव्हाऱ्याचा खणही ओढलेला होता. सगळीकडे जागा बघून झाली होती.

"सुले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक, "हे परत आलेलं ठेवतात कुठं गो? मला सवय नाय."

 मी त्यांच्याजवळ बसले. बाहेर गाय हंबरत होती, दूध काढायची वेळ टळून गेली होती, पण आम्ही दोघी उठलो नाही. नोटा त्यांच्या मांडीवर होत्या. एकही कमी नव्हती.